खासगी रिसर्च युनिव्हर्सिटी कशी पारखायची: फॉर्म भरायच्या आधी कोकणातल्या पोरांनी आणि पालकांनी बघायच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सगळीकडे खासगी विद्यापीठांचे फ्लेक्स लागतात, हॉलमध्ये शैक्षणिक प्रदर्शनं भरतात आणि व्हॉट्सॲपवर ब्रोशर फिरायला लागतात, काचेची बिल्डिंग, हिरवं लॉन आणि वर मोठ्या अक्षरात 'रिसर्च युनिव्हर्सिटी'. कोकण बोर्ड निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतंय, म्हणजे पोरं हुशार आहेत यात वादच नाही, पण पुढे कुठे घालायचं हे बऱ्याचदा मुंबईचा काका नाहीतर कुणीतरी एजंट ठरवतो आणि आंब्याचे नाहीतर कर्जाचे लाखो रुपये तिकडे जातात. हे थांबायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून एवढं लिहितोय. संस्थेचा इतिहास, तिथला कारभार आणि तिथला अभ्यास या तीन गोष्टी मोबाईलवर घरबसल्या तपासता येतात, एक पैसा लागत नाही. आणि तिन्हीकडे प्रश्न एकच विचारायचा, इथे खरोखर संशोधन करणारी माणसं आहेत का, आणि आपलं पोरगं त्यांच्यापर्यंत पोचेल का.

आधी रिसर्च युनिव्हर्सिटी म्हणजे काय ते बघू. 1810 मध्ये बर्लिनला विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या पुढाकाराने विद्यापीठ सुरू झालं, त्यामागचा विचार असा होता की शिकवणारा माणूस स्वतः शोधही घेत असला पाहिजे, जुनी टिपणं वाचून दाखवणारा नको. हीच कल्पना अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1876 मध्ये उचलली. ज्याच्या नावाने ते विद्यापीठ आहे त्या बाल्टिमोरच्या व्यापाऱ्याने, जॉन्स हॉपकिन्सने, मृत्युपत्रात विद्यापीठ आणि हॉस्पिटल मिळून 70 लाख डॉलर ठेवले होते, आणि पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी तो पैसा इमारतींपेक्षा चांगले प्राध्यापक आणि पीएचडीची पोरं आणण्यावर जास्त लावला. स्टॅनफर्ड पण तसंच, लेलंड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा 1884 मध्ये टायफॉइडने गेला, त्याच्या नावाने 1885 मध्ये संस्था स्थापन केली आणि 1891 मध्ये वर्ग सुरू झाले. या दोन अमेरिकी विद्यापीठांत लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे देणगीचा मोठा फंड, ज्याच्या उत्पन्नातून खर्चाचा काही भाग भागतो, आणि संशोधनासाठी बाहेरून येणारा निधी. म्हणजे विद्यापीठ फक्त पोरांच्या फीवर जगत नाही. आपल्याकडे जिथे सगळा खर्च फीमधूनच निघतो तिथे संशोधन आपोआप मागे पडतं, कारण लॅबला पैसा लागतो आणि प्राध्यापकाला वेळ लागतो, आणि आठवड्यातले सगळे तास लेक्चर घेणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच उरत नाही.

आता पहिलं काम, संस्थेचा जन्मदाखला काढायचा. भारतात डिग्री विद्यापीठ देऊ शकतं, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेली आयआयटीसारखी संस्था, आणि विद्यापीठ कायद्याने बनतं. खासगी संस्था दोन वाटांनी विद्यापीठ होते. एक म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून, त्याला स्टेट प्रायव्हेट युनिव्हर्सिटी म्हणतात, आणि दुसरी म्हणजे युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा 1956 च्या कलम 3 खाली केंद्र सरकारने जाहीर केलेली अभिमत म्हणजे डीम्ड. युजीसीच्या साईटवर दोन्हींच्या याद्या आहेत, बोगस विद्यापीठांची वेगळी यादी पण आहे, तिथे नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा कारण मिळतीजुळती नावं मुद्दाम घेतलेली असतात. खासगी राज्य विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करता येत नाहीत, त्यामुळे 'आमचं सेंटर तुमच्या तालुक्यातच आहे, डिग्री त्या युनिव्हर्सिटीची मिळेल' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा आणि त्या कॅम्पसच्या परवानगीचं पत्र मागा.

हे सगळं एवढं का बघायचं तर छत्तीसगड आठवा. तिथे 2002 मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा झाला आणि थोड्याच काळात 112 विद्यापीठं निघाली, कित्येकांना धड इमारतसुद्धा नव्हती. शास्त्रज्ञ आणि युजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सुप्रीम कोर्टात गेले आणि फेब्रुवारी 2005 मध्ये कोर्टाने ती विद्यापीठं रद्द ठरवली. पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था सरकारी विद्यापीठांना जोडून घ्यायला सांगितलं खरं, पण ज्या घरांनी पैसे भरले होते त्यांच्या पोटात किती गोळा आला असेल.

चांगला इतिहास कसा दिसतो त्याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस झुआरीनगरला आहे, सावंतवाडी-कुडाळच्या पोरांना मडगावपर्यंत कोकण रेल्वे आणि पुढे थोडा प्रवास, एवढंच. या संस्थेची मुळं राजस्थानातल्या पिलानी गावात, बिर्ला घराण्याने 1929 मध्ये तिथे इंटर कॉलेज काढलं, 1943 मध्ये ते डिग्री कॉलेज झालं, मग इंजिनिअरिंग, फार्मसी, सायन्स अशी कॉलेजं एकत्र करून 1964 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. त्या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर सहकार्य होतं, सेमिस्टर, सतत मूल्यमापन या गोष्टी तिथे लवकर आल्या. 2000 मध्ये दुबई, 2004 मध्ये गोवा, 2008 मध्ये हैदराबाद. म्हणजे 1929 ते 2004, एक एक पायरी चढत आलेली संस्था. जी संस्था कालपरवा उघडली आणि आज 'जागतिक दर्जा' म्हणते तिला लगेच वाईट म्हणू नका, अशोका विद्यापीठ 2014 चं, अझीम प्रेमजी विद्यापीठ 2010 चं, नवीन असूनही त्यांनी नाव कमावलंय. पण नवीन असेल तर प्राध्यापक आणि पैसा कुठून आला हे दुप्पट नीट तपासा.

कारभाराचं पान बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त तिथेच कळतं. राज्याच्या सरकारी विद्यापीठात कुलपती सहसा राज्यपाल असतात, खासगीत प्रमुख पद ट्रस्टच्या म्हणजे प्रायोजक संस्थेच्या हातात असतं. त्यात चूक काही नाही, पैसा त्यांनी घातलेला असतो. खाली कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख, आणि बाजूला व्यवस्थापन मंडळ आणि विद्या परिषद. फी, इमारती, नेमणुका हे व्यवस्थापन मंडळ बघतं आणि अभ्यासक्रम, परीक्षा, पीएचडीचे नियम विद्या परिषद बघते. वेबसाईटवर दोन्हींची नावं काढा. व्यवस्थापन मंडळात एकाच आडनावाची माणसं भरलेली असतील आणि बाहेरचा शिक्षणतज्ज्ञ एकही नसेल, विद्या परिषदेच्या बैठकांची इतिवृत्तं कुठेच नसतील, कुलगुरू दर वर्षा-दीड वर्षाने बदलत असेल, तर सांभाळून. जिथे प्राध्यापकाला स्वतःच्या विषयात 'नाही' म्हणायची मुभा नाही तिथे मार्कांपासून पीएचडीपर्यंत सगळं वरून ठरतं. लोकपालाचं नाव पण बघा, विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी युजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठाने तो नेमायचा असतो, त्याचं नाव आणि ईमेल सापडत नसेल तर उद्या तक्रार घेऊन जाणार कुठे.

आता खरी गंमत, अभ्यास आणि संशोधन. ब्रोशर बाजूला ठेवा आणि हे करा.

एनआयआरएफच्या साईटवर जा, म्हणजे केंद्र सरकारची रँकिंग, 2016 पासून येतेय. रँक बघून बाहेर पडू नका, संस्थेने भरून दिलेली माहिती पीडीएफमध्ये असते ती उघडा. त्यात पीएचडीची पोरं किती, गेल्या वर्षांत किती जणांना पीएचडी मिळाली, बाहेरून मिळालेले संशोधन प्रकल्प किती आणि किती रुपयांचे, शिक्षक किती, प्लेसमेंट झालेल्यांचा मध्यम पगार किती, सगळं असतं. मध्यम पगार म्हणजे मधल्या पोराचा पगार, फ्लेक्सवर जे 50 लाखांचं पॅकेज असतं ते एकाचं असतं. स्वतःला रिसर्च युनिव्हर्सिटी म्हणवणाऱ्या संस्थेचा संशोधन निधीचा रकाना जवळपास रिकामा असेल तर अजून काय पुरावा पाहिजे.

मग शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेला हा पीएचडी प्रबंधांचा साठा आहे, सगळ्यांना खुला. विद्यापीठाचं नाव टाका, तुमच्या आवडीच्या विभागातून कोणते प्रबंध आलेत, गाईड कोण, ते वाचा. इंग्रजी जड वाटलं तरी अनुक्रमणिका आणि शेवटचा निष्कर्ष वाचला तर काम किती मनापासून झालंय ते बारावीच्या पोरालासुद्धा कळतं. त्यानंतर विभागाच्या पानावरून चार-पाच प्राध्यापक निवडा आणि गुगल स्कॉलरवर, म्हणजे संशोधन लेख शोधायच्या गुगलच्या साईटवर, त्यांची नावं टाका, अलीकडे काय लिहिलंय ते बघा.

माझी एक आवडती युक्ती सांगतो. आपल्या मातीतला विषय घ्या, जांभा दगड, कांदळवन, हापूसवरचा तुडतुडा, किनाऱ्याची धूप, कातळशिल्पं, आणि गुगल स्कॉलरवर कोकणाच्या नावासकट शोधा. या विषयांवर कोण काम करतंय, कुठल्या विद्यापीठातून, ते समोर येतं. मग दिसतं की दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, 1972 पासूनचं, किंवा गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, 1966 पासूनची, या सरकारी जागांचं काम किती मोठं आहे. इंजिनिअरिंगला लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ पण आहेच. खासगीच्या नादात घराजवळचं चांगलं सुटू नये एवढंच म्हणणं आहे.

अभ्यासक्रमात बघायचं ते थोडक्यात. सिलॅबसची पीडीएफ मागा, क्रेडिट (विषयाला किती तास दिलेत त्यावर ठरणारं माप) किती, बाहेरच्या विभागाचे विषय घेता येतात का, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट खरा असतो का. युजीसीच्या नव्या चौकटीत चार वर्षांची डिग्री किमान 160 क्रेडिटची आहे, आणि पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येतं, तर किती पोरांना गाईड मिळतो हे थेट विचारा. बिट्समध्ये 1973 पासून प्रॅक्टिस स्कूल आहे, दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात साधारण दोन महिने आणि शेवटच्या वर्षी एक पूर्ण सेमिस्टर कंपनीत किंवा संशोधन संस्थेत, आणि ते अभ्यासाचाच भाग म्हणून, क्रेडिटसकट. तुमच्या संस्थेत इंटर्नशिपला क्रेडिट आहे का, की पोराने स्वतः कुणाच्या ओळखीने शोधायची, हा फरक मोठा आहे. मेडिकल, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर, नर्सिंग असेल तर त्या त्या परिषदेची मान्यता वेगळी तपासा, युजीसीच्या यादीत नाव असणं पुरत नाही. नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, ग्रेड असेल तर तिची मुदत संपलेली नाही ना ते बघा.

पैशाचं बोलू, कारण आपल्याकडे निर्णय शेवटी इथेच अडतो. महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, फी-सवलतीच्या बऱ्याच योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू होत नाहीत, मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाची 2024 ची योजना पण त्यातच. 'स्कॉलरशिप मिळेल हो' हे तोंडी ऐकून ॲडमिशन घेऊ नका, कुठली योजना, कुठल्या जीआरने, लेखी मागा. संस्थेची स्वतःची स्कॉलरशिप असेल तर दुसऱ्या वर्षी ती टिकवायला किती सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची गुणसरासरी) लागतो ते विचारा, पहिल्या वर्षी गावाकडून गेलेलं पोरगं नवीन जागेत, इंग्रजीत, थोडं मागे पडणं साहजिक आहे आणि नेमकी तिथेच सवलत जाते. फी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, हॉस्टेल आणि मेस धरून चार वर्षांचा एकूण आकडा किती, हे कागदावर घ्या आणि मगच बँकेत जा.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर घाबरू नका. युजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत मिळायला पाहिजे, फक्त थोडं प्रक्रिया शुल्क कापतात, नंतर रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही. म्हणून संस्थेने जाहीर केलेली शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि मूळ मार्कलिस्ट, दाखला ठेवून घ्यायचा हक्क कुठल्याच विद्यापीठाला नाही, तपासून परत द्यायचे असतात. काउंटरवरचा माणूस 'ठेवून जा, नंतर नेऊ शकता' म्हणाला तर सही-शिक्क्याच्या झेरॉक्स द्या आणि मूळ कागद घरी आणा.