चर्चची इमारत: आधी गरज, मग पैसा, मग जागा

नव्या चर्चचा विचार बहुधा जागेपासूनच सुरू होतो. मंडळीतील एखादे कुटुंब आपला भूखंड देऊ करते, सर्वजण देवाचे आभार मानतात, घाईघाईने आराखडा काढला जातो आणि मग लक्षात येते की तेथे जाणारा रस्ता अरुंद आहे, पाऊस पडला की पाणी साचते आणि मंडळीतील निम्म्या घरांना ते ठिकाण लांब पडते. दानाला नाही म्हणणे जड जाते. म्हणूनच जागेचा प्रश्न कितीही पुढे पुढे करत असला, तरी त्याला शेवटी बसवावे.

पहिले काम बांधकाम समिती नेमण्याचे. पाच ते सात माणसे पुरेत, मात्र त्यांत पाळक आणि खजिनदार यांच्याबरोबर बांधकामाची जाण असलेली एक व्यक्ती आणि रविवारची शाळा प्रत्यक्ष चालवणारी एक व्यक्ती असावी, कारण मुलांचे वर्ग, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे यांची आठवण आराखड्यावर सही झाल्यावरच होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. समितीने मागील तीन वर्षांची रविवारची उपस्थिती काढावी आणि हिशेब त्यावर करावा; नाताळ आणि ईस्टरची गर्दी त्यात धरू नये. बसण्याची जागा आणि मधल्या वाटा मिळून माणशी साधारण एक चौरस मीटर धरला, तर उपासनागृहाचा ढोबळ आकार कळतो. वेदी, गायकवृंद आणि बाप्तिस्म्याची जागा यांचे क्षेत्रफळ वेगळे. हा आकडा पाहून छातीत धडकी भरली, तर रविवारी दुसरी उपासना सुरू करता येईल का, हेही प्रामाणिकपणे तपासावे. त्याइतका स्वस्त विस्तार दुसरा नाही.

आवाजाचा विचारही याच टप्प्यावर करावा. प्रवचन स्पष्ट ऐकू यायचे असेल, तर दालनात ध्वनी साधारण एका सेकंदाच्या आसपास विरला पाहिजे. ऑर्गन आणि समूहगानाला मात्र दोन सेकंद किंवा त्याहून अधिक काळ घुमणारा आवाज शोभतो. आपल्या उपासनेत वचनाला अधिक वेळ आहे की गायनाला, हे वास्तुविशारदाला आधी सांगितले नाही, तर उंच छत आणि गुळगुळीत भिंती तो निर्णय परस्पर घेऊन टाकतात.

पैशाबाबत लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाचा दाखला प्रत्येक समितीला ठाऊक असतो: बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून थांबल्यावर पाहणारे हसतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील १२१५ वा नियम हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगतो. बिशपांच्या स्पष्ट लेखी संमतीशिवाय चर्च बांधता येत नाही, आणि ती संमती देण्यापूर्वी बांधकामासाठी व उपासनेसाठी लागणारी साधने कमी पडणार नाहीत, याची त्यांनी खात्री करून घ्यायची असते. यातील ‘उपासनेसाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इमारत उभी राहिल्यावर वीज, सफाई, विमा आणि डागडुजी यांचा खर्च दरवर्षी येणार, आणि तो इमारत निधीतून नव्हे, तर नेहमीच्या दानार्पणातून भागवावा लागणार.

अंदाजपत्रकात भिंती आणि छपरापुरता विचार करू नये. जमीन, परवानग्या, वास्तुविशारदाचे शुल्क, मातीची तपासणी, पाणी आणि सांडपाण्याची सोय, बाके, ध्वनियंत्रणा, कुंपण हे सर्व धरून वर दहा ते पंधरा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवावेत. मंडळीकडून दोन-तीन वर्षांच्या देणगीची लेखी वचने घ्यावीत, पण कंत्राटदाराला शब्द देताना ती सगळी वसूल होतील, असे धरून चालू नये. माणसे गाव सोडतात, नोकऱ्या जातात. निधीचे खाते वेगळे असावे, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि जमाखर्च दर महिन्याला मंडळीपुढे वाचला जावा. कर्ज घेणे अपरिहार्य असेल, तर त्याचा हप्ता आजच्या उत्पन्नातून फिटला पाहिजे, नव्या इमारतीमुळे वाढेल अशा आशेच्या उत्पन्नातून नव्हे.

निधी अपुरा असेल, तर टप्प्याटप्प्याने बांधावे. मात्र पहिला टप्पा स्वतंत्रपणे वापरता येईल असाच आखावा. कोलोनच्या कॅथेड्रलचा पाया १२४८ मध्ये घातला गेला आणि काम १८८० मध्ये पूर्ण झाले, परंतु वेदीकडील भाग १३२२ मध्येच अर्पण झाला होता. मधली काही शतके बांधकाम ठप्प असतानाही तेथे उपासना होत राहिली.

आता जागा. बायबलमधील नहेम्याने यरुशलेमचा पडका तट पुन्हा बांधण्यापूर्वी त्याची पाहणी रात्री, कोणालाही न सांगता केली. समितीनेही गाजावाजा न करता जागा निरनिराळ्या वेळी पाहावी. रविवारी सकाळी, कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि भर पावसात एकदा तरी. वृद्ध माणूस एकटा तेथे पोहोचू शकतो का, शेजारचा गोंगाट किती, गाड्या कोठे उभ्या राहतील, पुढे वाढवायला मोकळी जागा उरेल का, हे पाहावे. मातीची तपासणी खरेदीपूर्वीच करून घ्यावी. पीसाच्या कॅथेड्रलचा घंटाघर-मनोरा ११७३ मध्ये सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्याच्या सुमारास मऊ जमिनीमुळे कलू लागला. तो जगप्रसिद्ध झाला. तुमची इमारत बहुधा नुसतीच कलेल. जमिनीची मालकी वकिलाकडून तपासून घ्यावी, खरेदीखत नोंदणीकृत संस्थेच्या नावे करावे, पाळकांच्या किंवा कोणा सभासदाच्या नावे नव्हे, आणि बांधकामाची परवानगी न मिळाल्यास व्यवहार रद्द करून रक्कम परत मिळेल, अशी अट करारात घालावी.

देऊ केलेल्या भूखंडासाठी एक उपाय आहे. कोणाचाही प्रस्ताव येण्याआधीच मंडळीने दान स्वीकारण्याचे लेखी नियम संमत करावेत: जागा गरजेला उतरली नाही, तर ती विकून रक्कम इमारत निधीत जमा करण्याची मुभा दात्याने दिली तरच ती स्वीकारली जाईल. नियम आधीच ठरलेला असला की दात्यालाही नकार वैयक्तिक वाटत नाही.