वैद्यकीय मंडळापुढे जाण्याआधी: नोकरीत असलेल्या जवानाची तयारी

पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे मला मुदतीपूर्वी पलटण सोडावी लागली, तेव्हा माझ्या फाइलीत २३ कागद होते आणि वैद्यकीय मंडळाला, म्हणजे दुखणे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या समितीला, हवा होता तो नेमका चोविसावा. तो म्हणजे इजेचा अहवाल, आय.ए.एफ.वाय. २००६ क्रमांकाचा नमुना. बर्फावरून जेरीकॅनसह घसरल्यानंतर हॉस्पिटलच्या खाटेवर पडूनच मी त्यावर सही केली होती, आणि अहवाल पलटणीच्या दफ्तरात गेला म्हणजे तो आपल्याजवळच आहे, असे समजून ८ वर्षे निर्धास्त राहिलो. मधल्या काळात पलटणीने दोनदा ठाणे बदलले, कारकून बदलले, आणि वेळ आली तेव्हा तो कागद कोणालाच सापडेना. दुखणे सेवेमुळे नाही असा शेरा पडला, आणि अपंगत्वाची पेन्शन तर याच शेऱ्यावर ठरते. तो बदलून घेण्यात दोन अपिले आणि ४ वर्षे गेली. सध्या सातारा जिल्ह्यातील आमच्या भागातली दोन-तीन मुले याच वाटेवर आहेत आणि त्यांना फोनवर तेच ते सांगून मी थकलो आहे, म्हणून हे एकदाच लिहून ठेवत आहे.

तेव्हा सर्वप्रथम इजेच्या अहवालाची प्रत मिळवावी. त्यात इजा किती गंभीर आहे याविषयी वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत असते आणि ती सेवेच्या कामामुळे झाली की नाही याविषयी कमान अधिकाऱ्याचे; म्हणून तारीख, ठिकाण आणि त्या क्षणी आपण कोणत्या कामावर होतो या तीन नोंदी स्वतः वाचून पाहाव्यात. अहवाल झालाच नसेल, तर सोबत असलेल्या जवानांची लेखी निवेदने जोडून कमान अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्या अर्जाचीही पोच घ्यावी. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, झाली असेल तर तिच्या निष्कर्षाची प्रतही मागावी. दुखणे इजेचे नसून आजाराचे असेल, तर पहिल्यांदा भरती झालेल्या हॉस्पिटलची कागदपत्रे तेच काम करतात. फौजेत घेताना वैद्यकीय तपासणीत ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेमुळेच झाला असे धरून चालण्याचा फायदा जवानाला मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात म्हटले आहे. न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा झेरॉक्स काढणे मात्र कितीतरी स्वस्त पडते.

दुसरी बाब रोजच्या ड्युटीची, आणि इथे आपली माणसे हमखास चुकतात. वैद्यकीय श्रेणी, म्हणजे तब्येतीनुसार ठरलेली जवानाची प्रत, खाली आली, की कोणते काम करायचे नाही हे श्रेणीच्या कागदावर लिहिलेले असते: ओझे उचलू नये, पी.टी. करू नये, उंचावरच्या ठाण्यावर पाठवू नये, वगैरे. तात्पुरती श्रेणी साधारणपणे २४ आठवड्यांपर्यंतची असते आणि त्यानंतर फेरतपासणी होते. कायम श्रेणीची फेरतपासणी २ वर्षांनी होते. या तारखा पलटणीला लक्षात राहतील, या भरवशावर राहू नये. लाइट ड्युटीवर असतानाही गाडीतून रेशन उतरवायला मी स्वतःहून पुढे होत असे, कारण चारचौघांत "मला जमणार नाही" म्हणणे सातारी माणसाच्या जिवावर येते. वेदना वाढली की एम.आय. रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाण्याऐवजी मलम चोळून झोपायचे, आणि सकाळी पुन्हा फॉलइनला उभे राहायचे. परिणामी दीड वर्षाच्या काळात माझ्या सिक रिपोर्टची एकही नोंद नव्हती आणि कागदावर मी ठणठणीत दिसत होतो. म्हणून दुखले की सिक रिपोर्ट करावा. मनाई असलेले काम कोणी तोंडी सांगितले, तर श्रेणीचा कागद सुभेदार साहेबांना नम्रपणे दाखवावा आणि झेपणारे काम, स्टोअरचे असो वा दफ्तराचे, आपण होऊन मागून घ्यावे. आपण काम टाळतो आहोत असा समज एकदा झाला, की पुढची प्रत्येक सही अवघड होते.

सेवामुक्तीच्या मंडळाचा नमुना ए.एफ.एम.एस.एफ. १६ हा आहे. त्यात जवानाचे स्वतःचे निवेदन असते आणि सेवेतील कोणत्या घटनेमुळे दुखणे जडले किंवा बळावले, हे तिथे विचारलेले असते. मी तिथे "पडलो" एवढा एकच शब्द लिहिला होता! कुठल्या ठाण्यावर, कोणत्या तारखेला, काय उचलत असताना आणि त्यानंतर कोणकोणत्या हॉस्पिटलांत, हे सगळे आधी वहीत लिहून काढावे आणि तिथून उतरवावे. इजेच्या अहवालातील तारीख आणि ही तारीख एकच असली पाहिजे, म्हणजे पुन्हा तोच अहवाल जवळ असला पाहिजे. याच नमुन्यात पलटणीकडूनही आपल्या कामाविषयी माहिती भरली जाते, तिच्यात वरच्या ठाण्यांवरील काळ आला आहे का, हे विनंती करून पाहावे. हलक्या कामाच्या जागेवर राहण्यास तयार आहात की नाही, अशा कागदावर न वाचता सही करू नये. निव्वळ खालच्या श्रेणीमुळे घरी पाठवायचे तरी इनव्हॅलिडिंग मंडळ, म्हणजे सेवेला अपात्र ठरवणारे वैद्यकीय मंडळ, आवश्यक आहे, हे २००८ च्या राजपाल सिंह प्रकरणापासून स्पष्ट आहे.

मंडळाच्या दिवशी ओळखपत्र, मूव्हमेंट ऑर्डर, एक्स-रे आणि एम.आर.आय.च्या फिल्म्स न्याव्यात, हे सांगायला नको. सुट्टीवरून थेट पुण्याच्या हॉस्पिटलात जायचे असल्यास आदल्या दिवशीच निघावे, कारण साताऱ्याहून ११० किलोमीटर एस.टी.त बसून गेलेली पाठ तपासणीला उभी राहत नाही. अपंगत्वाची टक्केवारी आणि ते सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले आहे का, हे दोन रकाने महत्त्वाचे. सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेले असल्याने जुन्या माणसांचे आकडे, माझेसुद्धा, आपल्याला लावू नयेत. रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारावे.

बाकीचे भराभर सांगतो. पत्नी व मुलांची नावे आधार कार्डावर आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या सेवानोंदीत, एकसारखी हवीत, नाहीतर पेन्शनच्या स्पर्श या ऑनलाइन प्रणालीत अडकते. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा अपंगत्वाचा दावा आणि ई.सी.एच.एस.चा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, अर्ज पलटण सोडण्यापूर्वी भरावा. गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा फेटाळला गेला तर पहिले अपील ६ महिन्यांत करावे लागते. त्यानंतर दुसरे, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

इजेच्या अहवालाच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक आपल्या बॉक्समध्ये, एक मोबाइलमध्ये फोटो काढून आणि एक घरी. मंडळाची तारीख कळली, की त्याच संध्याकाळी आईला फोन करून ट्रंक उघडायला सांगावी आणि "वर २००६ लिहिलेला कागद आहे का" एवढे विचारून घ्यावे.