प्लग लावलाय, पण चार्जिंग नाही: जुन्या लॅपटॉपची बॅटरी बदलण्याआधी

जुना लॅपटॉप चार्ज होईनासा झाला की ज्याला विचारावं तो सांगतो, बॅटरी गेली, नवीन टाका. मीही एकदा ऐकलं. अडीच हजारांची बॅटरी आणली, बसवली, लॅपटॉप चालू केला, तर कोपऱ्यात तेच वाक्य: 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. दोष अडॅप्टरच्या पिनेत होता. सील फोडलेली बॅटरी दुकानदाराने परत घेतली नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? तेव्हापासून कॉलेजच्या लॅबमधले आणि अर्ध्या नातेवाइकांचे लॅपटॉप माझ्याच टेबलावर येऊन पडतात. बॅटरीला मी सगळ्यात शेवटी हात लावते.

याला अपवाद एकच. टचपॅड वर उचललं गेलंय, त्याचं क्लिक होत नाही, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि खालचं काहीही करू नका. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबून परत बसवायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सर्व्हिस सेंटरला द्या, नाहीतर ई-कचरा संकलन केंद्रावर.

बाकीच्यांनी भिंतीपासून सुरुवात करावी.

१. दुसरं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय. अडॅप्टरच्या ठोकळ्यापासून भिंतीपर्यंत जाणारी तीन पाकळ्यांची केबलही बदलून बघा. ती आतून तुटते आणि बाहेरून ठणठणीत दिसते.

२. लॅपटॉप गार होऊ द्या. लिथियम बॅटरीचं चार्जिंग साधारण ० ते ४५ अंशांच्या आतच होतं, त्यापलीकडे सर्किट स्वतःच ते थांबवतं. मे महिन्यात गाडीत राहिलेला किंवा गादीवर तासभर चाललेला लॅपटॉप अर्धा तास पंख्याखाली ठेवा.

३. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवरच थांबतंय? मग बिघाड नाहीच. लेनोव्होत त्याला 'कॉन्झर्व्हेशन मोड' म्हणतात, आसुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग'. बॅटरी जास्त टिकावी म्हणून दिलेली सोय आहे ती. नको असेल तर बंद करा.

४. लॅपटॉप बंद करून अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग परत जोडा. बॅटरी आत बंद असेल तर काही मॉडेलना खालच्या बाजूला टाचणी घालायचं बारीक भोक असतं, ते याचसाठी.

५. आता बायोसमध्ये जा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडते त्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि विंडोज नव्याने टाकण्यात रविवार घालवतात. बायोसमध्ये विंडोज चालू नसतं. तिथेही बॅटरी चार्ज होत नसेल तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे, विषय संपला. तिथे होतेय आणि विंडोजमध्ये नाही, असं असेल तरच डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करा, तो आपोआप परत येतो. हा उपाय सगळीकडे रामबाण म्हणून सांगितला जातो. एकदा करून बघायला हरकत नाही, तिसऱ्यांदा करू नका.

६. अडॅप्टर. माझे अडीच हजार इथे गेले, म्हणून इथे जरा थांबते.

'लॅपटॉप अडॅप्टरवर चालतोय ना, म्हणजे अडॅप्टर चांगलाच आहे.' हे वाक्य कोणी म्हणालं की मला त्या बॅटरीचं खोकं आठवतं. बऱ्याच जुन्या लॅपटॉपच्या अडॅप्टरला गोल पिन असते. तिच्या आत टॉर्च मारून बघा. बऱ्याच पिनांत मधोमध केसाहून थोडी जाड अशी एक सुई दिसेल. वीज त्या सुईतून येत नाही. ती येते भोवतालच्या नळीतून, आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण. सुईचं काम ओळख पटवायचं. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टरला विचारतो, बाबा रे, तू कोण, किती वॅटचा? उत्तर आलं नाही की लॅपटॉप चालण्यापुरती वीज घेतो, पण बॅटरी चार्ज करायची जोखीम घेत नाही. बऱ्याचदा प्रोसेसरचा वेगही कमी करतो. म्हणून चार्ज होत नाही आणि हल्ली फार मंदही झालाय, या दोन तक्रारी एकत्र आल्या की मी आधी सुई बघते. लॅपटॉप चालू होताना अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश येतो, आणि घरची मंडळी महिनोन्‌महिने कुठलंतरी बटण दाबून तो घालवत असतात. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये अडॅप्टरचे वॅट लिहिलेले असतात. तिथे ६५ ऐवजी 'अननोन' दिसलं तर चोर सापडला.

सुई वाकलेली, तुटलेली किंवा आत गेलेली असू शकते. सुई सरळ असेल तर पिनेजवळची केबल संशयित. आतल्या जाड तारा शाबूत राहतात आणि ओळखीची बारीक तार आधी तुटते. चार्जिंगच्या दिव्याकडे बघत केबल पिनेपाशी हळूहळू वळवा. एखाद्या कोनात दिवा लागला तर दोष केबलमध्ये आहे किंवा लॅपटॉपच्या जॅकमध्ये, म्हणजे पिन जिथे खुपसतो त्या भोकात. कुठल्यात, ते दुसरा अडॅप्टर लावल्याशिवाय कळत नाही, तेव्हा कोणाकडून तरी मागून आणा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॅट. ६५ च्या जागी ९० चा चालतो, कारण लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. ४५ चा लावलात तर लॅपटॉप चालेल, बॅटरी मात्र उपाशी राहील. आणि स्वस्तातल्या काही डुप्लिकेट अडॅप्टरमध्ये सुई नुसती शोभेची असते, हेही लक्षात ठेवा.

मल्टिमीटरचं प्रेम असणाऱ्यांना एक विनंती: सुईवाल्या पिनेत प्रोब घालू नका. मी घातला होता. टोक जरासं घसरलं आणि सुई आतल्या धन भागाला टेकली. ठिणगी नाही, आवाज नाही. मीटरवर १९.५ अगदी स्थिर. पण तो अडॅप्टर त्यानंतर कुठल्याच लॅपटॉपने ओळखला नाही, कारण ओळख सांगणारी इवलीशी चिप तेवढ्या व्होल्टने जळाली होती. आणि एवढं करून मीटर सांगतो काय, तर भार नसताना व्होल्ट किती आहेत. आपला प्रश्न तो नव्हताच.

७. दुसऱ्या अडॅप्टरनेही तेच होत असेल तर जॅक. बऱ्याच मॉडेलमध्ये तो छोट्या केबलसकट सुटा मिळतो आणि सोल्डरिंगशिवाय बदलता येतो. बोर्डावर सोल्डर केलेला असेल तर कारागिराकडे द्या, आणि फक्त जॅक बदला असं स्पष्ट सांगा. कागदाची घडी खुपसून किंवा रबरबँड लावून पिन तिरकी धरून ठेवायची नाही. सैल जोड तापतो. माझ्या चुलतभावाच्या लॅपटॉपचा जॅक असाच रबरबँडवर वर्षभर चालला. उघडला तेव्हा भोवती तपकिरी कडं पडलेलं आणि प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलेलं होतं.

८. आता बॅटरी. विंडोज ८ पासून पुढे अहवाल फुकट मिळतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, मग स्लॅश, मग 'बॅटरीरिपोर्ट' हे जोडून, इंग्रजीत टाइप करा आणि एंटर दाबा. (मावशीला हे फोनवर सांगताना मला 'पुण्याचा पी, ओतूरचा ओ' इथून सुरुवात करावी लागली होती.) फाइल कुठे ठेवली ते स्क्रीनवर येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. दोनच आकडे बघायचे: 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असताना किती मावायचं) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता किती मावतं). पहिला ४८,००० आणि दुसरा १५,००० असेल तर तिसरा हिस्सासुद्धा उरलेला नाही, खुशाल बदला. दुसरा ४०,००० असेल आणि तरी चार्ज होत नसेल तर मागे फिरा, सहाव्या पायरीवर.

दोन वर्षं कपाटात पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी उतरलेली असते की संरक्षक सर्किट तिला बंदच करतं. तासभर चार्जरवर ठेवून बघा. जागी झाली नाही तर नाद सोडा, बाहेरून तारा लावून धक्का द्यायला जाऊ नका. बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवणं आणि 'मेमरी घालवायला' शून्यावर आणणं, हे जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले सल्ले. लिथियमला त्याचा उपयोग नाही, पुन्हापुन्हा शून्यावर नेल्याने नुकसानच होतं.

नवीन घेताना लॅपटॉपच्या नव्हे, जुन्या बॅटरीवरच्या पार्ट नंबरने मागा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट एकाच घरचे, १४.४ आणि १४.८ दुसऱ्या घरचे. या घरची त्या घरात घालायची नाही. उत्पादनाची तारीखही वाचा, बॅटरी फडताळातसुद्धा म्हातारी होते. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, लॅपटॉप सोबत न्या, बॅटरी काउंटरवरच बसवून घ्या आणि तिथेच तो अहवाल काढा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच पाकीट काढा.