गुण्या सरकवून समांतर रेषा कशी काढावी, कशी तपासावी

कितीही वाढवल्या तरी एकमेकींना न छेदणाऱ्या, एकाच प्रतलातल्या रेषा म्हणजे समांतर रेषा. व्याख्या बरोबर आहे, पण वहीच्या पानावर ती तपासता येत नाही, कारण पान आधी संपते. म्हणून दिशा धरा. समांतर रेषांची दिशा एकच असते, आणि ती ताडून पाहायला दोन्हींना छेदणारी तिसरी रेषा, म्हणजे छेदिका लागते.

रेषा ‘ल’ आणि तिच्याबाहेरचा बिंदू ‘प’ दिला आहे असे समजू. पट्टी, गुण्या आणि चांगले टोक केलेली पेन्सिल घ्या.

१. गुण्याची लांब कड ‘ल’ रेषेला बिनचूक जुळवा. आखूड कड जुळवताना तिरकेपणा सहज नजरेतून सुटतो.

२. गुण्याच्या दुसऱ्या कडेला पट्टी टेकवा. गुण्या ‘प’पर्यंत सरकला तरी पट्टीवरून निसटणार नाही, हे आताच बघून घ्या.

३. डाव्या हाताने पट्टी घट्ट दाबा. पेन्सिलीचे टोक ‘प’वर उभे धरा आणि गुण्या पट्टीला चिकटवूनच सरकवत टोकाला आणून भिडवा. कड थेट बिंदूवर ठेवली, तर रेघ शिशाच्या जाडीएवढी बाजूला पडते.

४. आता डाव्या हाताचा अंगठा पट्टीवर आणि बोटे गुण्यावर ठेवून रेघ ओढा. पेन्सिलीचा कल मध्येच बदलू नका.

इथे पट्टी हीच छेदिका. गुण्याचा कोन सरकताना बदलत नाही, म्हणून दोन्ही रेषांचे संगत कोन, म्हणजे छेदिकेच्या एकाच बाजूला दोन्ही रेषांपाशी सारख्याच जागी होणारे कोन, समान राहतात. गुण्याचा ६०° चा कोन प्रत्यक्षात ५९° भरला तरी रेषा समांतरच येते. फक्त कडा सरळ हव्यात. पट्टी मात्र केसभरही फिरली, तर सगळे बिघडते. बहुतेक चुका इथेच होतात.

तपासायला एक तिरकी छेदिका काढा. एक कोन ६२° असेल, तर त्याचा संगत कोन आणि व्युत्क्रम कोनही (दुसऱ्या रेषेपाशी, छेदिकेच्या विरुद्ध बाजूचा) ६२° यायला हवेत. छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची, म्हणजे दोन रेषांच्या मधल्या कोनांची, बेरीज १८०° होते, म्हणजे ६२° च्या जोडीला ११८°. हे आंतरकोन समान असतात असे बरेच जण धरून चालतात. तसे फक्त छेदिका लंब असतानाच घडते.

कोनमापकावर १° ची चूक सहज होते, आणि तेवढ्याने १० सेंटिमीटरवर रेषा सुमारे १.७ मिलिमीटर सरकते. म्हणून आमच्या मते दुसरी तपासणी जास्त भरवशाची: दोन्ही टोकांजवळ, गुण्याने लंब काढून, रेषांमधले अंतर मोजा. दोन्हीकडे तेच आले पाहिजे.

आलेखावर दिशा चढाने, म्हणजे य मधला फरक ÷ क्ष मधला फरक याने कळते. (१, २) आणि (४, ८) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ ६ ÷ ३ = २. (०, −३) आणि (२, १) मधून जाणारीचा ४ ÷ २, म्हणजे तोही २. पण चढ सारखा आला म्हणून थांबू नका, दोन्ही एकच रेषा असू शकतात. पहिलीचा एक बिंदू दुसरीच्या समीकरणात घालून बघा: य = २क्ष − ३ मध्ये क्ष = १ घेतल्यास य = −१ येतो, २ नाही. म्हणजे रेषा वेगळ्या आहेत आणि समांतर आहेत. क्ष-अक्षाला लंब असलेल्या रेषांना चढ नसतो. त्या सगळ्या आपसांत समांतर असतात.