पातळी सांगणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवरही तेच उत्तर देईल असा बांधायचा कसा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फूट गाठले की इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राधानगरीचा पाऊस आणि बंधाऱ्यावरच्या नोंदी घेऊन उद्याची पातळी काढणारा पायथन प्रोग्राम तुम्ही लिहिलाय असं धरू. तुमच्या लॅपटॉपवर तो नीट चालतो. सांगलीतल्या सहकाऱ्याकडे मात्र तो सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन वेगळाच आकडा देतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चूक झालीय हे कळतच नाही.

'पिप फ्रीझ' ही कमांड बसवलेल्या पॅकेजांची यादी देते; ती जोडून भागत नाही. तिच्यात पायथनची पॅकेजं येतात. सिस्टिमच्या सी भाषेतल्या लायब्ररी, डेटाच्या फाइली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमनं प्रोग्रामला पुरवलेली सेटिंगं) येत नाहीत. उदाहरणार्थ, उबुंटू लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीत जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. नव्यावर कंपाइल केलेला भाग जुन्यावर अनेकदा अमुक व्हर्जन सापडत नाही म्हणून अडतो.

यासाठी रेप्रोझिप हे साधन वापरा. प्रोग्राम चालू असताना तो कोणकोणत्या फाइली उघडतो यावर ते नजर ठेवतं आणि नेमक्या तेवढ्याच फाइली एका गठ्ठ्यात बांधतं. बांधणी लिनक्सवरच होते. गठ्ठा उघडायला डॉकर (प्रोग्राम वेगळ्या, बंदिस्त लिनक्समध्ये चालवणारं साधन) असेल तर विंडोज किंवा मॅकही चालतो.

बांधण्याआधी डेटा तपासा. बंधाऱ्याची नोंद फूट-इंचात असते. ३९ फूट १० इंच कुणी '३९.१०' असं लिहून ठेवलं, की प्रोग्राम ते ३९.१ वाचतो, आणि ३९ फूट १ इंचाची '३९.१' ही नोंदही त्याला तशीच दिसते. नऊ इंच गेले! खरं तर १० इंच म्हणजे ०.८३ फूट. म्हणून फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि रूपांतर प्रोग्रामलाच करू द्या. एक्सेलमध्ये हातानं केलेलं रूपांतर गठ्ठ्यात येत नाही, मग ते तपासणार कोण? प्रोग्राम नेटवरून ताजा डेटा ओढत असेल तर तो एकदा उतरवून फाइलीत गोठवा. नेटवरचा डेटा उद्या बदलेल.

आता 'रेप्रोझिप ट्रेस' (ट्रेस म्हणजे ही नजर ठेवणं) लिहून पुढे नेहमीचीच कमांड द्या. सगळ्यात जास्त गठ्ठे फसतात ते इथं. रेप्रोझिप कोड वाचत नाही, फक्त जे घडलं ते पाहतं. मार्च महिन्याच्या नोंदींवर ट्रेस केलात तर पातळी ३९ फुटांखालीच राहते आणि 'इशारा ओलांडला' ही कोडची फांदी, म्हणजे ती अट पुरी झाली तरच चालणारा भाग, चालतच नाही. त्या फांदीत उघडणारी सखल भागांची नकाशा-फाइल किंवा तिथंच इम्पोर्ट होणारी लायब्ररी गठ्ठ्यात येत नाही. समोरच्यानं ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या नोंदी घातल्या की प्रोग्राम कोसळतो. म्हणून तीन वेळा चालवा: ३९ च्या खाली, ३९ ते ४३ च्या मध्ये आणि ४३ च्या वर. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी 'कंटिन्यू' हा पर्याय द्या, म्हणजे आधीच्या ट्रेसमध्ये भर पडते.

ट्रेस झाला की लपलेल्या 'रेप्रोझिप-ट्रेस' फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' नावाची यॅमल फाइल (साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल) तयार होते. ती सावकाश, ओळ न् ओळ वाचा. तुमच्या होम फोल्डरमधल्या खासगी फाइली तिथं दिसल्या तर काढून टाका, आणि एन्व्हायर्नमेंटमधले पासवर्ड दिसले तर ते एन्व्हायर्नमेंटमधूनच काढून पुन्हा ट्रेस करा, नाहीतर ते गठ्ठ्याबरोबर बाहेर जातील. प्रत्येक सिस्टिम पॅकेजपुढे 'पॅकफाइल्स' (फाइली गठ्ठ्यात घ्यायच्या का) खरं असतं. आकार कमी करायला ते खोटं करू नका. मग ते पॅकेज उघडणाऱ्याच्या बाजूनं नव्यानं बसवावं लागतं आणि व्हर्जन तेच मिळेल याची हमी राहत नाही. त्यानंतर 'रेप्रोझिप पॅक' द्या, म्हणजे गठ्ठा तयार होतो.

तपासणी तुमच्या लॅपटॉपवर करू नका. तिथं सगळं आधीच बसवलेलं असतं, उणीव दिसणार नाही. दुसऱ्या मशीनवर, गठ्ठा उघडणाऱ्या रेप्रोअनझिप या जोडसाधनानं, 'रेप्रोअनझिप डॉकर सेटअप' करा; याला नेट लागतं. मग नेट बंद करून 'रन' करा आणि 'अपलोड'नं इनपुट फाइल बदलून पुन्हा चालवा.

उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रोसेसर गठ्ठ्यात येत नाही, आणि अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) बेरीज वेगळ्या क्रमानं करतात तेव्हा शेवटचे अंक हलतात. रँडम सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) कोडमध्येच ठरवा, ट्रेस करण्याआधी थ्रेडची संख्या १ करा. तुलना ०.०१ फुटाच्या मर्यादेत करा. नोंदच इंचात असते, आणि इंच म्हणजे ०.०८ फूट, त्यामुळे एवढं पुरतं. त्याहून मोठा फरक आला तर आधी इनपुट फाइल उघडून इंचांचा रकाना पाहा.