घरच्या नेटवरून घरचे कार्यक्रम

परदेशात नवीन आलेली मंडळी मला हमखास विचारतात, "मायदेशातले कार्यक्रम इथून पाहायला कोणता व्हीपीएन विकत घेऊ?" मी उलट विचारतो, मायदेशातल्या घरच्या नेटला अपलोड, म्हणजे घरातून बाहेर डेटा पाठवण्याचा वेग, किती मिळतो? डाउनलोडचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. अपलोडचा कुणी पाहिलेला नसतो, आणि गाडी अडते ती तिथेच.

व्हीपीएन म्हणजे आपलं नेट दुसऱ्या ठिकाणाहून वळवून नेणारी सोय. विकतचे व्हीपीएन तुम्हाला डेटा सेंटरमधला आयपी पत्ता देतात, म्हणजे नेटवरचा तो आकडी पत्ता, ज्यावरून तुमचा देश ओळखला जातो. एकाच पत्त्यावरून शेकडो लोक येताना दिसले की स्ट्रीमिंगवाल्यांना तो ओळखायला वेळ लागत नाही. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्ये असे मार्ग बंद करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आज चालणारा सर्व्हर उद्या चालेलच याचा भरवसा नाही. घरचा व्हीपीएन म्हणजे आपल्याच घरातल्या राउटरपर्यंत टाकलेला बोगदा. तुम्ही कुठेही असा, बाहेरच्या जगाला घरचाच पत्ता दिसतो.

आता अपलोडचं गणित. कार्यक्रम आधी घरी उतरतो आणि तिथून तुमच्याकडे चढतो. म्हणजे घरचा अपलोड हाच तुमचा डाउनलोड. फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस लागतात, ४के साठी १५. फायबरच्या जोडणीत अपलोड बहुधा भरपूर असतो, जुन्या केबलच्या किंवा डीएसएलच्या जोडणीत फारच कमी. शिवाय एचडीचा एक तास साधारण ३ जीबी खातो, आणि घरच्या लाइनवर तो येताना आणि जाताना दोनदा मोजला जातो, म्हणजे ६ जीबी. घरच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर हे आधी पाहा. महिनाअखेरीला आईवडिलांचा व्हिडिओ कॉल अडकायला लागला, तर त्यांना कारणही कळणार नाही.

बसवण्यात मोठं काही नाही. बऱ्याच राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर असतोच. नसेल तर रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक किंवा जुना संगणक चालतो. मी वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रोग्राम वापरतो. तो हलका आहे, आणि २०२० पासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. खरी अडचण वेगळीच निघते : हल्ली अनेक कंपन्या घराला स्वतंत्र पत्ता देतच नाहीत, एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी घरांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर समजा, राउटरची दारं (पोर्ट) कितीही उघडा, बाहेरून आत शिरता येणार नाही. मग कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता घ्या, किंवा टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा वापरा. त्यात दोन्ही टोकं आतूनच एकमेकांना शोधतात, आणि घरचा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स किंवा अ‍ॅपल टीव्हीसुद्धा एग्झिट नोड, म्हणजे तुमचं नेट जिथून बाहेर पडतं ते टोक, होऊ शकतो. घर आधीच सोडून आला असाल तर हाच मार्ग सोपा, कारण घरच्या माणसाला फोनवर पायऱ्या सांगून तो बसवून घेता येतो.

घरी गेलात की आणखी एक करा. राउटर घरातल्या यंत्रांना जे पत्ते वाटतो, त्यांचा १९२.१६८.१ हा पट्टा बदलून काहीतरी वेगळा ठेवा. इथल्या राउटरचाही तोच असला तर घरच्या यंत्रांपर्यंत पोचताना गोंधळ होतो. आणि निघण्याआधी मोबाइल डेटावरून जोडून पाहा. घरच्याच वायफायवर बसून केलेली चाचणी काही सिद्ध करत नाही.

माझं एकदा तीन आठवडे सगळं बंद होतं. वीज गेली, परत आली, राउटरला नवा पत्ता मिळाला आणि माझ्याकडे जुनाच लिहिलेला. तेव्हापासून डायनॅमिक डीएनएस लावलं आहे, म्हणजे पत्ता बदलला तरी घर एकाच नावाने सापडतं, आणि वीज आली की यंत्र आपोआप सुरू होईल याची खात्री करून ठेवली आहे.

जोडणी झाल्यावरही 'या देशात उपलब्ध नाही' असंच आलं, तर दोन गोष्टी तपासा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यावरचं नेट) बोगद्याबाहेरून जात नाही ना, आणि फोनवरचं अ‍ॅप जीपीएस तर वाचत नाही ना. टीव्हीवर व्हीपीएनचं अ‍ॅप मिळत नसेल तर वायरगार्ड चालणारा छोटा ट्रॅव्हल राउटर घ्या आणि टीव्ही त्याच्या वायफायला जोडा.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे : ती लाइन तुमच्या घरच्यांच्या नावावर आहे. त्या बोगद्यातून जे जाईल ते त्यांच्या नावावर जाईल. म्हणून रूममेट कितीही चांगला असला तरी बोगद्यात शिरायची तुमची किल्ली (की) त्याला देऊ नका. बोगद्यातून फक्त टीव्ही न्या, बाकीचं सगळं इथल्या नेटवर ठेवा. सेवेच्या अटीही वाचा. अनेक ठिकाणी कार्यक्रम खातं उघडलेल्या देशापुरतेच असतात आणि अशा सेवा तुमचं खातं थांबवू शकतात. युरोपियन युनियनमध्ये १ एप्रिल २०१८ पासून सदस्य देशांत फिरताना आपली सशुल्क सेवा सोबत नेता येते, पण ती सवलत तात्पुरत्या मुक्कामासाठी आहे, स्थायिक झालेल्यांसाठी नाही. चीन, इराण, संयुक्त अरब अमिराती अशा ठिकाणी राहत असाल तर व्हीपीएनबद्दलचा तिथला कायदा आधी समजून घ्या. जे इथल्या सेवेवर रीतसर मिळतं ते इथेच पैसे भरून पाहा, असं माझं स्पष्ट मत आहे.

थेट सामना पाहायचा असेल त्या दिवशी दोनेक तास आधी जोडून ठेवा. राउटर बंद करून चालू करायची वेळ आलीच, तर तेव्हा घरी कुणीतरी जागं असलं पाहिजे.