ब्लाउज साडीला जुळत का नाही? मॅचिंग करताना या चुका टाळा

मॅचिंग सेंटरमध्ये अगदी तंतोतंत वाटलेला ब्लाउजपीस घरी आणल्यावर वेगळाच दिसतो. यात दुकानदाराची लबाडी क्वचितच असते. रेशमी साडी आणि सुती टू बाय टू रुबिया (ब्लाउजचं कापड) वेगवेगळ्या प्रकारच्या रंगांनी रंगवलेले असतात. एका उजेडात ते सारखे भासले, तरी उजेड बदलला की फारकत होते.

म्हणून रंग दोन उजेडांत ठरवायचा. साडी आणि ब्लाउजपीस घेऊन आधी दुकानाच्या दाराशी या. दिवसाचा उजेड हवा, पण सावलीतला. थेट उन्हात रेशमाची चकाकी मूळ रंग दिसूच देत नाही. मग पिवळ्या दिव्याखाली बघा (बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं). लग्नाच्या हॉलमध्ये बहुधा तसाच उजेड असतो आणि त्यात लाल, केशरी फुलतात, तर निळे, जांभळे काळवंडतात. मोबाइलवरचा फोटो दाखवून कापड घेऊ नका. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग स्वतःच बदलतो. साडीच सोबत न्या.

धूपछाव साडीला सरासरी रंग शोधणे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. धूपछाव साडीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. निळा ताणा आणि राणी बाणा असेल तर साडीचं अंग लांबून जांभळं दिसतं. मग आपण जांभळा रुबिया घेतो आणि तो साडीशेजारी मेलेला दिसतो, कारण साडीचा जांभळा प्रत्येक चुणीत निळ्याकडून गुलाबीकडे सरकत असतो आणि रुबियाचा जागचा हलत नाही.

इथे दोन धाग्यांपैकी एकाचाच रंग उचला. ते धागे ओळखण्यासाठी साडीतल्या ब्लाउजपीसची कापलेली कड थोडी उसवा आणि एक उभा, एक आडवा धागा काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. पदराचा गोंडा कापून दुकानात नेण्याची युक्ती अशा साडीला चालत नाही. गोंडे हे ताण्याचेच धागे असतात, त्यामुळे बाण्याचा रंग त्यांत दिसतच नाही. दोन्हींतला उठावदार धागा निवडला की ब्लाउज साडीतूनच निघाल्यासारखा वाटतो. आमच्या मते निळा-राणी जोडीत राणीच घ्यावा.

बारीक चौकड्यांची साडी असेल तर दहा फुटांवरून बघा. लाल-हिरव्या बारीक चौकड्या लांबून मातकट दिसतात. हातात धरून निवडलेला लाल तिथे तुटक वाटतो.

‘जवळपास तोच’ रंग घेणे

एकच छटा चुकली की ती चूक म्हणूनच दिसते. शेंदराकडे झुकणारा लाल आणि गुलाबीकडे झुकणारा लाल शेजारी आले की दोन्ही मळकट वाटतात. तंतोतंत मिळत नसेल तर नाद सोडा आणि सरळ दोन-तीन छटा गडद घ्या, किंवा काठाचा, पदराचा रंग घ्या. लाल पदराची इरकल असेल तर अंगाचा रंग शोधत बसण्यापेक्षा पदराच्या लालाशी जुळणारा खण छान दिसतो. मात्र खणाचा पन्हा (रुंदी) लहान असतो. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर किती कापड लागेल ते शिंप्याला आधी विचारा.

सोनेरी जरीशेजारी हळदी किंवा मोहरी रंगाचा ब्लाउज टाळा, जरीची चमक त्यात बुडून जाते. बाटलीहिरव्या आणि वाइनवर तीच चमक उठून दिसते.

काळा सगळ्यावर चालतो असं धरणे

केशरी, पिवळ्या साडीवर काळा खोल दिसतो. गडद निळ्या किंवा जांभळ्या साडीवर तोच विटका, तपकिरी भासतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भित्तिपटांतला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेवरल, याला आढळलं की काळ्या रंगात खोट नव्हती; शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्याने हे सविस्तर छापलं. निळ्या साडीवर काळ्याऐवजी मोरपंखी किंवा डाळिंबी बघा.

अस्तर, फॉल, दोरा

पातळ, फिक्या कापडाखाली पांढरं अस्तर लावलं की रंग आणखी उडतो. अस्तर त्याच छटेचं घ्या. सुती अस्तर बेतण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शिवणींवर वरचं कापड गोळा होतं. सुती फॉललाही हेच लागू. फॉलची रुंदी साधारण पाच इंच असते. काठ तेवढा किंवा जास्त रुंद असेल तर फॉल काठाच्या रंगाचा, बारीक असेल तर अंगाच्या रंगाचा. दोरा रिळावर गडद दिसतो. एक धागा उलगडून कापडावर आडवा ठेवा आणि दोन छटांत घुटमळलात तर गडद घ्या, कारण शिवल्यावर तो फिका दिसतो.

लाल, मरून, काळ्या रुबियाचा रंग जातो का ते शिवण्याआधी तपासा: ओल्या पांढऱ्या सुती फडक्यात कोपरा गुंडाळून वर गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग आला तर कापड साध्या पाण्यात तीन-चारदा धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवून हल्लीचे रंग पक्के होत नाहीत. तरीही रंग सुटत असेल तर तो ब्लाउज फिक्या रेशमी साडीवर घालू नका, घामाने काखेचा डाग साडीवर उतरतो.

शिवून झाला आणि जुळत नाही?

ब्लाउज बाद करू नका. साडीतला तिसरा रंग, म्हणजे पदरातल्या बुट्टीचा किंवा काठाच्या रेघेचा, शोधा आणि त्या रंगाची पायपिंग गळ्याला व बाहीला लावून घ्या. पट्टी तिरकी, एक इंच रुंद कापायची, बाहेर जेमतेम पाव सेंटिमीटर दिसली पाहिजे. सरळ पट्टी गळ्याच्या गोलाईवर चुण्या धरते.